उद्यमबागेतले पाटी नसलेले वर्कशॉप आणि खरे बोलणारा सेन्सर

बेळगावात तिसऱ्या रेल्वे गेटाकडून उद्यमबाग या औद्योगिक वसाहतीत शिरले, की आतल्या गल्ल्यांत पत्र्याच्या ज्या शेड लागतात, त्यांपैकी एकीत हे वर्कशॉप आहे. दारावर पाटी नाही, बिलावर छापील नाव नाही, आणि ज्यांना सगळे नुसते ‘मेस्त्री’ म्हणतात त्या मालकांना त्याची उणीवही भासत नाही. हेडर (सिलिंडरांचा धूर एकत्र आणणारी नळ्यांची जुडी) आणि फ्री-फ्लो सायलेन्सर बसवलेल्या गाडीच्या ऑक्सिजन सेन्सरची, म्हणजे धुरातला ऑक्सिजन मोजणाऱ्या सेन्सरची तक्रार असेल, तर बेळगावातून पुण्याला किंवा बंगळूरला गाडी न्यावी लागते असा माझा समज होता. या पावसाळ्यातल्या अनुभवानंतर तो उरलेला नाही. काम चोख, दोष शोधण्याची पद्धत त्याहून चोख, वेळेचे भान मात्र बेताचे, असे माझे मत आहे आणि ते का झाले हे सविस्तर सांगण्यासारखे आहे.

गाडी २००८ सालची फोर्ड फिएस्टा, १.६ लीटर पेट्रोल, टर्बो नसलेली. तिला चार-दोन-एक पद्धतीचा हेडर, प्रोग्रॅम करता येणारा ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) आणि त्याला माहिती देणारा वाइडबँड ऑक्सिजन सेन्सर, म्हणजे बॉशचा एलएसयू ४.९, असे सगळे मी दोन वर्षांपूर्वी दुसऱ्या शहरातील एका गॅरेजमध्ये बसवून घेतले होते. पहिले वर्ष बरे गेले. नंतर आयडलला, म्हणजे उभ्या गाडीत इंजिन नुसते चालू असताना, मीटर १७ ते १८ असे हवा-इंधन प्रमाण दाखवू लागला, म्हणजे मिश्रण फार लीन (हवा जास्त, पेट्रोल कमी) असल्याचे सांगू लागला; पण त्याच वेळी सायलेन्सरमधून कच्च्या पेट्रोलचा वास येई, सिग्नलला उभे राहिले की डोळे चुरचुरत आणि लीटरला अकरा किलोमीटर देणारी गाडी आठावर आली. त्या गॅरेजने फोनवरच सेन्सर गेल्याचे निदान केले आणि नवा सेन्सर कुरियरने पाठवला. त्यानेही तेच आकडे दाखवले आणि पावसाळा सुरू झाल्यावर एका सकाळी त्याला आतून तापवणारा हीटरच बंद पडला.

इथे मला स्वतःविषयी एक कबुली द्यावी लागेल. माझा धंदा फाउंड्रीतल्या भट्ट्यांच्या तापमान-मापनाचा आहे. थर्मोकपल चुकीचे तापमान दाखवत असेल, तर तो बदलण्याआधी तो कुठे आणि किती खोल खोचला आहे ते बघा, असे मी गेली कित्येक वर्षे पोरांना शिकवत आलो आहे. स्वतःच्या गाडीच्या बाबतीत मात्र मी दुसरा सेन्सर विकत घेऊन मोकळा झालो, आणि तिसरा घेण्याच्या तयारीने या वर्कशॉपच्या दारात उभा राहिलो.

मेस्त्रींनी लॅपटॉप उघडला नाही. आधी चारही स्पार्क प्लग काढून फडक्यावर ओळीने मांडले. चारही प्लग काजळीने मखमलीसारखे काळे झाले होते. मीटर म्हणतो पेट्रोल कमी पडते आहे आणि प्लग म्हणतात पेट्रोलाचा पूर आला आहे. या दोघांपैकी प्लगला खोटे बोलण्याचे काही कारण नाही, हे उघड होते. मी सेन्सरकडे बोट दाखवताच ते म्हणाले, “सेन्सर खोटं बोलंना साहेब, त्याला दिसतंय तेच सांगायलाय. पाइपात वारं शिरायलंय. पहिला सेन्सर टाकला काय तुम्ही?” टाकला नव्हता, टिळकवाडीत घरी कपाटात पडून होता. तो घेऊन या, तोवर नवा घेऊ नका, असे सांगून त्यांनी मला परत पाठवले. विकत घ्यायला आलेल्या गिऱ्हाइकाला वस्तू न विकणारा हा पहिला दुकानदार मला बऱ्याच दिवसांनी भेटला.

दुसऱ्या दिवशी गेलो तेव्हा त्यांच्या मदतनिसाने खडूने कन्नडमध्ये ‘हळे सेन्सर’, म्हणजे जुने सेन्सर, असे लिहिलेला बिस्किटांचा जुना डबा समोर ठेवला. त्यात दहा-बारा मेलेले सेन्सर होते आणि प्रत्येकाच्या टोकाचा रंग त्याच्या मरणाचे कारण सांगत होता. कोरडी काळी काजळी म्हणजे रिच, पेट्रोल जास्त असलेले मिश्रण. असा सेन्सर पुष्कळदा मिश्रण सुधारल्यावर स्वतःच जळून साफ होतो. तपकिरी, राखेसारखा थर म्हणजे इंजिन तेल पिते आहे. पांढरट, वाळूसारखा थर म्हणजे सिलिका, आणि ती बहुधा दोन वाटांनी येते: हेड गॅस्केटमधून झिरपणारे कूलंट किंवा जोडावर फासलेला सिलिकॉनचा सीलंट. माझ्या दुसऱ्या सेन्सरचे टोक जवळजवळ स्वच्छ होते, पण जाळीदार टोपीच्या आत हलवल्यावर बारीक खळखळ ऐकू येत होती. आतला सिरॅमिकचा तुकडा तडकला होता.

पहिल्या सेन्सरची परीक्षा त्यांनी टेबलावरच घेतली. सेन्सर त्याचा हीटर आणि वाचन सांभाळणाऱ्या कंट्रोलरला जोडून, व्हाइसमध्ये टोक वर करून धरला आणि हीटर तापू दिला. एलएसयू ४.९ चे सिरॅमिक सुमारे ७८० अंश सेल्सियसवर काम करते, त्यामुळे त्याला हात लावायचा नसतो. उघड्या हवेत, जिथे ऑक्सिजन जवळपास २१ टक्के असतो, तिथे मीटरचा काटा लीनच्या टोकाला जाऊन थांबला. मग न पेटवलेल्या लायटरचा गॅस टोकाजवळ क्षणभर सोडला, तेव्हा वाचन झटकन रिचकडे पडले आणि गॅस बंद होताच तितक्याच लवकर परत आले. ज्या सेन्सरला वर्षापूर्वी मृत घोषित करण्यात आले होते, तो ठणठणीत होता.

त्यानंतर तोच सेन्सर गाडीला लावून त्यांनी मला शेजारी बसवून जवळच्या मच्छे गावापर्यंत एक फेरी मारली. आयडलला १७.५, सावकाश चालताना १६ च्या आसपास, आणि तिसऱ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर पूर्ण दाबल्यावर मात्र १२.८. ही लक्षणे ओळखीची असल्याचे त्यांच्या चेहऱ्यावरूनच कळले. इंजिन पंप किंवा इंजेक्टरमुळे खरोखर लीन चालत असेल, तर ते जास्त भारावर अधिक लीन होते. इथे उलट घडत होते. कमी वेगाला लीन आणि वेग वाढला की ठीक, याचा अर्थ सेन्सरच्या अलीकडे कुठेतरी बाहेरची हवा आत शिरत होती.

एक्झॉस्टमध्ये दाब असतो, मग हवा बाहेर जाईल, आत कशी येईल, असा प्रश्न मला पडला होता आणि तो पुष्कळांना पडत असावा. सिलिंडरमधून निघणारा धूर सलग वाहत नाही, तो ठोक्याठोक्याने येतो. प्रत्येक ठोक्यामागे पाइपात क्षणभर दाब वातावरणापेक्षा कमी होतो आणि त्या क्षणी फटीतून हवा ओढली जाते. आयडलला धूर थोडा असल्याने एवढीशी हवाही वाचन बिघडवायला पुरते. जास्त आरपीएमला धुराचे प्रमाण इतके वाढते, की तिचा परिणाम जाणवत नाही. सेन्सर थेट पेट्रोल मोजत नाही, लीन बाजूला त्याला दिसतो तो उरलेला ऑक्सिजन. त्याने तो दाखवला, ईसीयूने मिश्रण लीन आहे असे समजून त्याला परवानगी असलेल्या मर्यादेपर्यंत पेट्रोल वाढवले आणि प्लग काळे पडले. एखादा सिलिंडर मिस होत असला तरी असेच होते, कारण न जळलेल्या पेट्रोलाबरोबर न वापरलेला ऑक्सिजनही बाहेर येतो. मात्र माझे इंजिन चारही सिलिंडरांवर व्यवस्थित चालत होते.

गळती शोधण्यासाठी वापरलेले साधन पाहून मला हसू आले, पण त्याहून नेमके साधन मी सुचवू शकलो नसतो. व्हॅक्यूम क्लीनरची नळी हवा फेकणाऱ्या तोंडाला लावून ती सायलेन्सरच्या शेपटीत चिंधीने घट्ट बसवली आणि थंड इंजिनावर, गाडी लिफ्टवर घेऊन, प्रत्येक जोडावर साबणाचे पाणी फवारले. हेडरची वेल्डिंग कोरडीच राहिली. मात्र कलेक्टरच्या, म्हणजे हेडरच्या नळ्या जिथे एक होतात त्या भागाच्या, पुढच्या फ्लँजवर (बोल्टने जोडायच्या चकतीवर), फायरवॉलकडच्या (इंजिन आणि केबिन यांमधल्या पत्र्याकडच्या) बाजूला, जिथे खालून बघितल्याशिवाय नजर जात नाही, तिथे साबूदाण्याएवढ्या बुडबुड्यांची एक रांग हळूहळू फुगू लागली. फ्लँज उघडला तर आत लाल सिलिकॉनची पट्टी पिळून बाहेर आलेली होती आणि सरळ पट्टी लावून फीलर गेज घातला तेव्हा ०.६ मिलिमीटरची फट निघाली. वेल्डिंगच्या उष्णतेने फ्लँज वाकला होता आणि ती वाक सिलिकॉनने बुजवली होती. सेन्सरचा बंग, म्हणजे तो पिळून बसवायचे पाइपावरचे आट्याचे कडे, या फ्लँजपासून जेमतेम दोन इंचांवर होता; आत ओढलेली हवा थेट त्याच्याच तोंडावर येत होती.

बेळगावचे बळ या क्षणी उपयोगी पडले. शेजारच्या शेडमध्ये सरफेस ग्राइंडर होता. दोन्ही फ्लँज तिथे नेऊन तासाभरात सपाट करून आणले आणि सिलिकॉनशिवाय धातूचे गॅस्केट घालून बसवले. क्रँकशाफ्ट आणि हायड्रॉलिकचे सुटे भाग करणाऱ्या या वसाहतीत ०.६ मिलिमीटर ही चूक कुणी चालवून घेत नाही.

यानंतरचा भाग जागेचा, आणि माझ्या मते या वर्कशॉपची खरी किंमत इथे कळते. फ्लँज दुरुस्त झाल्यावर जुन्याच बंगमध्ये सेन्सर लावून मोकळे होणे सोपे होते. पण तो बंग वळणानंतरच्या सखल भागात, पाइपाच्या बाजूला नव्हे तर किंचित खालच्या अंगाला होता. थंड सकाळी एक्झॉस्टमध्ये पाणी धरते आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात ते लवकर सुकत नाही. हीटर तापलेला असताना त्या पाण्याचा एक थेंब सिरॅमिकवर पडला, तर ते काचेसारखे तडकते. दुसऱ्या सेन्सरचा मृत्यू असाच झाला होता. या सेन्सरचा अक्ष आडव्या रेषेपेक्षा किमान १० अंश वर, वायरीचे टोक वरच्या बाजूला, असा असावा लागतो, म्हणजे पाणी त्याच्या आत साचत नाही. मेस्त्री घड्याळाची भाषा वापरतात: दहा ते दोनच्या दरम्यान कुठेही चालेल, पण बाराला शक्यतो नको, कारण वरची उष्णता थेट वायरीच्या टोकाला पोचते.

लांबीचा विचारही त्यांनी दोन्ही बाजूंनी केला. एक्झॉस्ट पोर्टच्या फार जवळ गेले तर धुराचे तापमान सेन्सरच्या ९३० अंशांच्या मर्यादेला भिडू शकते आणि एकाच सिलिंडरचा धूर दिसतो. फार मागे, शेपटीजवळ गेले तर वाचन उशिरा येते आणि आयडलला मागून शिरणारी हवा पुन्हा लीन दाखवते. चारही पाइप एकत्र येऊन धूर मिसळल्यानंतर, पण धुरातले प्रदूषण कमी करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या आधी, पोर्टपासून सुमारे ७० सेंटिमीटरवर आणि शेवटच्या जोडापासून एक वीत पुढे, सरळ पाइपावर त्यांनी खूण केली. गाडी टर्बोची असती तर सेन्सर टर्बाइनच्या पुढे घ्यावा लागला असता, कारण टर्बाइनच्या अलीकडे उष्णता तर असतेच, शिवाय धुराचा दाब वाढला की या प्रकारच्या सेन्सरचे वाचनही सरकते. हेडरला गुंडाळलेली उष्णतारोधक पट्टी त्यांनी सेन्सरच्या षटकोनाभोवती कापून मोकळी ठेवली. ती तशीच राहिली असती तर सेन्सरचे अंग विनाकारण भाजले असते. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढून टाकू का, असे मी सहज विचारले, तेव्हा पीयूसी आणि आरटीओची आठवण करून देऊन त्यांनी विषय तिथेच संपवला. ते काम ते करत नाहीत.

बंग स्टेनलेसचा, लेथवर स्वतः फिरवलेला. एम१८ गुणिले १.५ चा आटा. तो पाइपाच्या भिंतीपासून फार उंच राहिला तर सेन्सरचे टोक धुराच्या प्रवाहात न येता खड्ड्यात बसते, म्हणून त्याची उंची आधी एका मेलेल्या सेन्सरवर मोजून घेतली. साध्या पोलादाच्या पाइपाला स्टेनलेस जोडायचे असल्याने टिग वेल्डिंगसाठी ३०९एल ची सळई वापरली. वेल्डिंग करताना डब्यातला तो मेलेला सेन्सर बंगमध्ये पिळून ठेवला होता, जेणेकरून उष्णतेने आटा वाकडा होऊ नये, आणि गार झाल्यावर वरून टॅप फिरवला. जुने भोक एम१८ च्या प्लगने बंद केले. सेन्सर शेवटी हाताने बसवून टॉर्क रेंचने ४५ न्यूटन-मीटरला घट्ट केला. आट्याला तो जाम होऊ नये म्हणून निकेलचे अँटी-सीझ लावले, पण टोकाला त्याचा स्पर्शही होऊ दिला नाही.

वायरिंगमध्ये एक लहानसा दोष निघाला, जो मी कधीच शोधला नसता. मीटरवर १४.७ आणि ईसीयूच्या लॉगमध्ये १५.१ असा फरक दिसत होता. आधीच्या गॅरेजने कंट्रोलरचा अर्थ (अर्थिंगची तार) डॅशबोर्डखाली बॉडीला आणि ईसीयूचा अर्थ इंजिनाला दिला होता. हीटरचा करंट बॉडीतून जाताना मल्टीमीटरवर ०.२ व्होल्टचा फरक दिसला. शून्य ते पाच व्होल्टमध्ये १० ते २० हे प्रमाण मांडलेले असताना ०.२ व्होल्ट म्हणजे बरोबर ०.४. हीटरचा अर्थ इंजिन ब्लॉकवर आणि सिग्नलचा अर्थ ईसीयूच्या सेन्सर-अर्थवर नेल्यावर दोन्ही आकडे जुळले. सेन्सरचे कनेक्टर मात्र त्यांनी कापले नाही, कारण त्याच्या आत त्या विशिष्ट सेन्सरसाठी जुळवलेला रेझिस्टर असतो. तार लांब करायची तर कंट्रोलरच्या बाजूने करायची. कंट्रोलर इग्निशनच्या लाइनवर आहे हेही त्यांनी तपासले. एक्झॉस्टमध्ये बसलेला पण हीटर बंद असलेला सेन्सर काजळीने भरतो, म्हणून ‘मीटर नको असेल तर बंद करायचे बटण’ ही मी दोन वर्षे मिरवलेली सोय त्यांनी काढून टाकली.

पंपावर आता ई२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. त्याचे आदर्श प्रमाण १४.७ नसून सुमारे १३.५ आहे. सेन्सरला याने फरक पडत नाही, कारण तो मुळात लँब्डा, म्हणजे हवा आदर्श प्रमाणाच्या किती पट आहे ते, मोजतो आणि मीटर त्याला १४.७ ने गुणून आकडा दाखवतो. फसतो तो आकडा वाचणारा. मेस्त्रींनी माझे मीटर लँब्डावर टाकून दिले. पहिले दोन दिवस ०.८७ आणि १.०० हे आकडे परके वाटले, आता जुने आठवत नाहीत.

गाडी हातात आल्यावर मी वंटमुरी घाटातून हत्तरगीपर्यंत जाऊन आलो. आयडलला लँब्डा १.०० च्या आसपास डोलतो, चढावर पूर्ण भारात ०.८६ ते ०.८८, आणि ईसीयूची पेट्रोल-दुरुस्ती चार टक्क्यांच्या आत राहते. तीनशे किलोमीटरनंतर प्लग काढून पाहिले, तर ते भाजलेल्या बिस्किटाच्या रंगाचे झाले होते. पेट्रोलाचा वास गेला आहे आणि लीटरला अकरा किलोमीटर परत आले आहेत.

तक्रारी आहेत. दोन दिवसांचे काम पाच दिवस चालले आणि त्यातला एक दिवस केवळ टिग वेल्डिंगच्या गॅस सिलिंडरची वाट बघण्यात गेला. फोन उचलला जात नाही; प्रत्यक्ष जाऊन उभे राहावे लागते. खर्चाचा अंदाज आधी लेखी मिळत नाही, आणि शेवटचे बिल वहीच्या पानावर ‘सायलेन्सर काम’ एवढ्या दोन शब्दांत आले, ज्यात ग्राइंडिंग, बंग, वेल्डिंग, वायरिंग आणि तपासणी या सगळ्याचे ४,८०० रुपये होते. रक्कम वाजवी आहे, पण पुढच्या वेळी तपशील लिहून घ्या. काम करताना फेंडरवर कापड टाकायला सांगा, कारण आपण सांगितले नाही तर ते टाकत नाहीत. डायनो (इंजिनाची ताकद मोजणारे यंत्र) इथे नाही, त्यामुळे ट्यूनिंगसाठी यायचे असेल तर तशी अपेक्षा ठेवू नये. दोष शोधणे आणि एक्झॉस्टचे काम यांसाठीच यावे. जाताना काढलेले सगळे जुने सेन्सर बरोबर न्या.

गाडीत सध्या जो सेन्सर आहे, तो माझा पहिलाच. दुसरा, तडकलेला, मेस्त्रींनी माझ्याकडून मागून घेतला. हलवून त्याची खळखळ एकदा मदतनिसाला ऐकवली आणि डब्यात टाकला.